बूथच्या भिंतीला काय लावायचं?

बॉनेटवरचा कण आमच्या रंगारी मामांना दिसला तेव्हा गाडी बेक होऊन, म्हणजे रंग तापवून वाळवून, बाहेर आलेली होती. पांढरी गाडी, पुढचा अख्खा भाग नव्यानं मारलेला, चार वाजता मालक न्यायला येणार. मामांनी बॅटरी तिरकी धरली, नखानं चाचपलं आणि घासायला २००० नंबरचा वॉटर पेपर मागितला. कण क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतून बसला होता. चार हात फिरले तसं त्याचं वरचं टोक उघडं पडलं. रंग पिस्ता. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवून बूथच्या, म्हणजे गाडी रंगवायच्या बंद खोलीच्या, भिंतीकडं पाहिलं.

ती भिंत आबांनी रंगवून घेतलेली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या गॅरेजच्या मागं विटांची खोली होती. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, वर पिस्ता ऑइल पेंट. आबांनी ती बांधली तेव्हा आसपासचे बहुतेक गॅरेजवाले पहाटे उठून, फरशीवर पाणी मारून, चारी बाजूंनी ताडपत्री सोडून गाड्या रंगवत. त्यामानानं आमची खोली म्हणजे थाटच होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी त्या खोलीत कमरेइतकं चढलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा चढलं. पाणी गेलं, ओल काही गेली नाही. भिंतीला लोणा लागला. तळहात फिरवला तरी पांढरी भुकटी हाताला यायची आणि वरचा रंग पोपडे धरायचा. वर्षातून दोनदा खरवडून नवा हात देत होतो. पण ओली वीट क्षार बाहेर ढकलत राहते, वरचा रंग किती भारी आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मग पंखा सुरू झाला की सुटलेला पोपडा हवेत आणि हवेतून थेट ओल्या क्लिअरवर.

त्या पिस्त्याचा दुसराही त्रास होता, तो आम्हाला फार उशिरा कळला. मोत्याची झाक असलेला पांढरा रंग बूथमध्ये डोळ्यांना बरोबर वाटायचा आणि उन्हात आणला की जुन्या दरवाज्याशेजारी नवा फेंडर किंचित लालसर दिसायचा. आम्ही रंग मिसळणाऱ्याला दोष देत होतो. खरं म्हणजे चारी बाजूंच्या हिरवट भिंतींचा उजेड गाडीवर पडत होता, त्यामुळं आत उभ्या माणसाचा डोळा फसत होता.

२०२३ मध्ये आम्ही गोकुळ शिरगावच्या बाजूला उंचावर एक शेड भाड्यानं घेतली. नवा बूथ घालायचं ठरलं : आतून ७ मीटर लांब, ४ रुंद, २.७ उंच. वरून गाळलेली हवा खाली येणार आणि फरशीतल्या जाळीतून बाहेर ओढली जाणार. ब्लोअर, बर्नर, फिल्टर हे सगळं आठवड्याभरात ठरलं. भिंतींना मात्र दोन महिने लागले. ओळखीच्या लोकांना नवल वाटायचं. भिंत ती भिंत, पांढरी लावा आणि कामाला लागा, असं दोघातिघांनी तोंडावर सांगितलं. पण सगळा मिळून जवळजवळ ६४० चौरस फुटांचा तो पृष्ठभाग प्रत्येक गाडीच्या दोन-तीन फुटांवर उभा असतो. फवाऱ्याच्या गनमधून निघालेला सगळा रंग गाडीवर बसत नाही. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये तर निम्म्याहून जास्त उडून जातो. त्यातला बराचसा फिल्टर खातो, उरलेला भिंतीवर बसतो, वाळतो, थर धरतो आणि कधीतरी सुटतो. सुटला की गाडीवर.

म्हणून मी प्रश्न उलटा धरला. ही भिंत साफ कोण करणार आणि कशानं? जुन्या बूथमध्ये ते काम आमच्याकडच्या हाताखालच्या पोराकडं होतं. थिनरमध्ये चिंधी बुडवायची आणि भिंत पुसायची. ऑइल पेंट थिनरला टिकत नाही, फुगतो आणि चिंधीबरोबर निघून येतो. त्यामुळं पोरगं जितकं मन लावून पुसायचं तितकी भिंत खराब व्हायची. त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. मास्क म्हणजे साधा रुमाल. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. मारताना तर ते धोक्याचं असतंच, पण अर्धवट वाळलेला थर कोरडा खरवडला की त्याची धूळही छातीत जाते. हे मला माहीत होतं आणि तरी आमच्याकडं वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. नवी भिंत घ्यायची तर त्या पोराला खरवडायला लागू नये, हे मी पहिलं ठरवलं.

आबांचं मत होतं फरशी लावा, म्हणजे ग्लेझ टाइल. लहानपणापासून त्यांनी दूध संकलन केंद्रं पाहिलेली. तिथं भिंतीला छातीपर्यंत पांढऱ्या टाइल, पाण्याचा पाइप मारला की लख्ख. "डेअरीत दुधाचा वास राहत नाही, तुझा रंग कुठं राहतोय?" असं ते म्हणाले. चकचकीत ग्लेझला थिनर काहीही करू शकत नाही, हे अगदी खरं. पण टाइलमध्ये सांधे असतात आणि डेअरीची भिंत तापत नाही. आमच्या बूथमध्ये गाडीचा पत्रा ६० अंशांवर अर्धा तास धरायचा असतो. म्हणजे हवा त्याहून तापलेली, आणि हे दिवसातून दोन-तीनदा. तापायचं, थंड व्हायचं, पुन्हा तापायचं. सिमेंटच्या सांध्यांना बारीक चिरा पडणार आणि त्यातून भुकटी येणार. वर टाइलला मागं वीट लागते आणि जाड वीट तापवण्यातच बर्नरचं डिझेल जातं. आबांना मी हे दोनदा सांगितलं. ते ऐकून घेत होते, पटत मात्र नव्हतं.

पॅनेलवाल्यानं दाखवला तो रंगीत पत्र्याचा सँडविच पॅनेल. दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पत्रा, मध्ये ५० मिलिमीटर थर्मोकोल. हलका, स्वस्त, दोन दिवसांत उभा. त्याच्यावरचा कारखान्यात दिलेला रंग दिसायला छान असतो, पण असतो वीस-पंचवीस मायक्रॉनचा. पावडर कोटिंगचा थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा बसतो. तिसरा पर्याय फायबरची शीट : गुळगुळीत, पण जळाऊ, आणि थिनरची वाफ भरलेल्या खोलीत मला ती नको होती. चौथा, स्टेनलेस. त्याचा भाव ऐकला आणि भिंतभर स्टेनलेसचा विचार तिथंच सोडला. पाचवा, सिमेंट बोर्डवर दोन भागांचा इपॉक्सी. इपॉक्सी थिनरला चांगला टिकतो, पण कालांतरानं पिवळा पडतो. पिस्त्यातून सुटून पिवळ्यात अडकायला नको म्हणून तोही मागं पडला.

बोलून काही ठरेना तेव्हा मी प्रत्येकाचा फूटभराचा तुकडा आणला आणि शेडच्या ओट्यावर ओळीनं मांडले. ऑइल पेंट दिलेली पुट्टी, टाइल, रंगीत पत्रा, गुळगुळीत पावडर कोटिंग, दाणेदार पावडर कोटिंग, इपॉक्सी, स्टेनलेस. मामांनी सगळ्यांवर एकाच गनमधून काळ्या बेसचा, म्हणजे खालच्या रंगाचा, आणि क्लिअरचा उडता फवारा मारला, भिंतीवर बसतो तसा, लांबून. दोन दिवस वाळू दिला. मग पांढरी सुती चिंधी पीयू (पॉलियुरेथेन) थिनरमध्ये भिजवून प्रत्येकावर पन्नास वेळा पुढं-मागं.

ऑइल पेंटचा तुकडा दहाव्या हाताला पुट्टीपर्यंत उघडा पडला. रंगीत पत्र्यावरचा काळा रंग निघाला, पण चिंधीला पांढरंही लागलं आणि घासलेल्या जागेची चमक गेली. म्हणजे आज साफ होतंय, पण वर्षभर असं पुसत राहिलो तर खालचा पत्रा दिसणार. टाइल आणि स्टेनलेस जशीच्या तशी. गुळगुळीत पावडरची चमक थोडी मंदावली, चिंधीला पांढरं लागलं नाही. दाणेदार पावडरकडं पाहून मात्र मामा म्हणाले, "मालक, ह्यो बघा की. खाचंत काळं तसंच बसलंय, निघंना." पावडर कोटिंगवाला त्या दाणेदार फिनिशचाच आग्रह धरून बसला होता, कारण त्यात पत्र्यावरचे बारीकसारीक पोचे झाकले जातात. कपाटाला, विजेच्या पॅनेलला ते ठीक आहे. बूथच्या आत प्रत्येक खाच म्हणजे धुळीचं घर. अमेरिकेतल्या एनएफपीए ३३ या अग्निसुरक्षेच्या मानकातही बूथच्या भिंतींबद्दल हेच आहे : आतली बाजू गुळगुळीत हवी, रंगाचा थर अडकेल असे कोनाडे नकोत, साफ करायला सोपी हवी आणि भिंत पेट घेणारी नको.

पेट घेण्यावरून थर्मोकोलचा विषय मिटला. पॅनेलचा कापलेला कडेचा तुकडा मी शेडच्या मागं नेला आणि हीट गन धरली. पत्र्याला काहीच झालं नाही, पण मधला थर्मोकोल काही क्षणांत आक्रसला आणि आत पोकळी झाली. बेकिंगला एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट अडकला, तर माझी भिंत आतून अशीच पोकळ होणार होती. मग आग लागली तर काय, हे डोळ्यांपुढं आणायलाही नको वाटलं. त्याच हीट गनखाली रॉकवूलचा तुकडा धरला, तो तसाच. दगड वितळवून काढलेला तो धागा, हजार अंशांपर्यंत टिकतो. रॉकवूल भरलेल्या पॅनेलला जास्त पैसे पडले आणि ते देताना मला एकदाही जड गेलं नाही.

राहिला उजेड. चमक किती ठेवायची यावर मामांचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. मला वाटत होतं, पूर्ण चकचकीत भिंत ट्यूबचा उजेड डोळ्यांत फेकेल, म्हणून मध्यम चमक घ्यावी. मामांनी दोन्ही पत्रे उभे केले, मध्ये चंदेरी रंगाचा जुना दरवाजा टेकवला आणि मला खाली वाकून दरवाज्याच्या खालच्या कडेकडं बघायला लावलं. रंग मारताना नजर तिथंच कमी पडते. चकचकीत पत्र्याकडच्या बाजूला ती कड स्पष्ट दिसत होती, कोट ओला बसलाय की कोरडा हे कळत होतं. मंद पत्र्याच्या बाजूला सावली. डोळ्यांत येणारी तिरीप ट्यूबची जागा बदलून टाळता येते, अंधार टाळता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मी मान्य केलं. छटा आरएएल या रंगांच्या तक्त्यातली ९०१६ घेतली, निळसरही नाही आणि दुधाळ पिवळीही नाही असा स्वच्छ पांढरा. ट्यूब निळसर उजेडाच्या ६५०० केल्व्हिनच्या ऐवजी ५००० च्या घेतल्या. त्यात लाल आणि तपकिरी रंग जास्त खरे दिसतात असा मामांचा अनुभव आहे, आणि आता माझाही.

म्हणजे ठरलं ते असं : रॉकवूलचे पॅनेल, आतल्या बाजूचा पत्रा गुळगुळीत पावडर कोटिंगचा. खालच्या दोन फुटांत मात्र स्टेनलेसची पट्टी, कारण तिथं जॅक आणि ट्रॉलीचे धक्के बसतात आणि फरशी धुताना पाणीही तिथंच उडतं. आबांची डेअरी त्या दोन फुटांत आली, असं मी त्यांना म्हणालो तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले.

पॅनेल उभे करताना मी रोज हजर होतो. रिव्हेट बाहेरच्या बाजूनं घ्यायला लावले, आतून एकही डोकं दिसत नाही. सात मीटर लांबीची लोखंडी भिंत ४० अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते, म्हणून सांध्यांत ताणलं जाणारं सीलंट हवं हेही मी सांगितलं होतं. काम पुरं झाल्यावर दिवे लावले, ब्लोअर सुरू केला आणि प्रत्येक सांध्यापाशी बाहेरून अगरबत्ती धरून पाहिली. आतला दाब किंचित जास्त असतो, फट असली तर धूर बाहेर ढकलला जातो. आत अजून थिनरचा डबाही गेला नव्हता, म्हणूनच हे करता आलं. एकाही ठिकाणी धूर हलला नाही. मी समाधानानं घरी गेलो.

पहिली गाडी लाल हॅचबॅक. बेस बसला, क्लिअरचा पहिला कोट पडला आणि छतावर बघता बघता मोहरीएवढी वर्तुळं उमटली. प्रत्येक वर्तुळाच्या मध्ये रंग मागं सरकलेला, तळ उघडा. फिश आय. मामांनी गन खाली ठेवली. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आलं असेल म्हणून फिल्टर बदलले, गाडी पुसायचं द्रावण बदललं, एक सुटा फेंडर मारून पाहिला. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मामा बूथमध्ये नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी फटी भरल्या तवा कसला वास येत हुता वो? आंबट?"

आला होता. शिरक्यासारखा आंबट वास, दारातच नाकाला झोंबलेला. मी तिथं उभा होतो आणि विचारलं नव्हतं. साधं बाथरूमचं सिलिकॉन सीलंट वाळताना तसाच वास येतो. पॅनेल बसवणाऱ्यांना मी पीयू सीलंट सांगितलं होतं, पण नळी संपली तेव्हा त्यांनी जवळच्या दुकानातून मिळालं ते आणलं, बोटानं गुळगुळीत केलं आणि हात चिंधीला पुसून त्याच चिंधीनं भिंत साफ केली. सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर असला की रंग तिथं पसरतच नाही, पानावरच्या थेंबासारखा आखडतो. बेकिंगचा ताप बसला की ताज्या सिलिकॉनमधून तेलकट अंश हवेतही उतरतो. त्या लोकांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. रंगाच्या कामाला सिलिकॉन काय करतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी "पीयू आणा" एवढंच सांगितलं, "सिलिकॉन आत आणूच नका" असं स्वच्छ शब्दांत सांगायला हवं होतं.

नऊ सांधे ब्लेडनं कोरून काढले. मग भिंती वरपासून खालपर्यंत मेण-तेल काढणाऱ्या द्रावणानं पुसल्या. एका चिंधीचा एकच हात, दुसऱ्या हाताला नवी चिंधी. जुनी पुन्हा वापरली तर सिलिकॉन निघत नाही, पसरतं. दोन पोती चिंध्या गेल्या. फिल्टरही नवे घातले. पीयू सीलंट भरून दोन दिवस ठेवलं, रिकामा बूथ बेकिंगला तापवून घेतला आणि काळा मारलेला फेंडर रात्रभर आत टांगला. काळ्यावर काहीच लपत नाही. सकाळी त्यावर क्लिअर मारला. मामांनी बॅटरी लावली, मी श्वास धरून उभा. काचेसारखा सपाट. बारा दिवस वाया गेले होते आणि लाल हॅचबॅकचं छत आम्ही आमच्या पैशानं पुन्हा केलं.

सफाईचं उत्तर मिळालं ते सोलून काढायच्या कोटिंगमध्ये. पाण्यावर आधारलेला पांढरा द्रव गननं भिंतीवर मारायचा, वाळला की रबरासारखा पापुद्रा होतो. उडालेला रंग त्यावर बसतो आणि दोन-तीन महिन्यांनी अख्खा पापुद्रा सोलून टाकायचा. जुने लोक खळ लावून वर्तमानपत्र चिकटवायचे, त्यामागं विचार हाच, पण रंगाच्या खोलीत कागद म्हणजे आगीला आमंत्रण. पहिल्या वेळी आम्ही हात फार पातळ ठेवला. सोलताना चिंधड्या झाल्या, वीतभर निघायचा आणि फाटायचा. पातळ थरानं द्रव वाचतो, पण सोलायला दिवस जातो. दुसऱ्यांदा तीन हात दिले. जुलै होता, इथला पाऊस, हवेत इतका दमटपणा की दुसऱ्या दिवशीही बोट चिकटत होतं. मग बर्नर चाळीसवर ठेवून तासभर हवा फिरवली तेव्हा वाळलं. पावसाळ्यात ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

ऑइल पेंटवर हे कोटिंग लावून चालत नाही, सोलताना खालचा रंगही येतो. पावडर कोटिंगवरून मात्र ते सुटतं. सगळी निवड इथं येऊन जुळली, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

गणपतीच्या आधी आम्ही तो दुसरा पापुद्रा काढला. हाताखालचं पोरगं, आता त्याला पुरता मास्क आणि हातमोजे आहेत, कोपऱ्यात वरच्या कडेला ब्लेडचं टोक लावून उभं राहिलं. कड सुटली. त्यानं दोन्ही हातांत धरून खाली ओढलं आणि छतापासून स्टेनलेसच्या पट्टीपर्यंत दीड हात रुंद पट्टा सरकन उतरला. मागं पावडर कोटिंग जसंच्या तसं. पट्टा फरशीवर उलटा पडला होता. कापलेल्या कडेला थर दिसत होते : चंदेरी, पांढरा, पुन्हा पांढरा, गडद निळा, लाल. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, भिंतीवरून तळहात फिरवला आणि हात वळवून उजेडात बघितला. मग पोराला म्हणाले, "पलीकडची पण काढ. दसऱ्याच्या गाड्या यायला लागतील."